गावात परतू, की कॉलेजात शिकवायला जाऊ?

पत्र (थोडक्यात):

"मी सातपुड्यातल्या एका पाड्यावरची पावरा आदिवासी मुलगी. आश्रमशाळेत शिकले, सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाले. इंटर्नशिप संपत आली आहे, मग एक वर्षाचा सरकारी सेवेचा बॉण्ड. आमच्या भागातली मी पहिलीच डॉक्टर. लोक धरूनच चालले आहेत की मी कायमची परत येणार. मला मात्र कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी करून मेडिकल कॉलेजात शिकवायचं आहे. कारण सांगते. एकदा वर्गात सर म्हणाले, 'आदिवासी पेशंट अंधश्रद्धाळू, भगताकडे जाऊन मग उशिरा येतात.' अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता आणि मी वहीत बघत होते. तिथे उभं राहून शिकवणारं कुणीतरी आमच्यातलं असावं असं तेव्हापासून वाटतं. पण गावात म्हणतात, 'शिकली आणि पळाली.' मैत्रिणी म्हणतात, पीएसएमला (म्हणजे कम्युनिटी मेडिसिनलाच) कोण जातं, गायनॅक घे. वर 'कोट्यातली' हा शब्द आहेच. बाबा काही बोलत नाहीत. मी नाही गेले तर तिकडे दुसरं कोण जाणार? मी स्वार्थी आहे का?"

प्रिय डॉक्टर,

स्वार्थी तू अजिबात नाहीस. एमडी कर, आणि कम्युनिटी मेडिसिनमध्येच कर. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं उत्तर लांबणार आहे आणि तोवर तुला टांगून ठेवायचं नाही. पण तुझ्या पत्रातला 'स्वार्थी' हा शब्द मला तितका लागला नाही, जितकं त्याच्या आधीचं वाक्य लागलं: मी नाही गेले तर दुसरं कोण जाणार? याच प्रश्नाने एका डॉक्टर बाईला तुझ्या वयात आजारी पाडलं होतं. तिची हकिगत तुला माहीत असायला हवी.

तिचं नाव सुझन ला फ्लेश. अमेरिकेतल्या नेब्रास्कामध्ये ओमाहा नावाची आदिवासी जमात आहे. त्या जमातीच्या राखीव प्रदेशात १७ जून १८६५ रोजी सुझनचा जन्म झाला. वडील जमातीचे प्रमुख होते. लहान असताना ती एका आजारी ओमाहा बाईजवळ रात्रभर बसली होती. सरकारी डॉक्टरला निरोपावर निरोप गेले, तो येतो म्हणत राहिला, आला नाही. उजाडायच्या आत ती बाई गेली. डॉक्टर व्हायचं हे सुझनच्या मनाने तिथेच घेतलं, असं ती पुढे सांगायची.

१८६५ हे आपल्या आनंदीबाई जोशींचंही जन्मवर्ष. दोघींचं कॉलेजही एकच, फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये आणि सुझन तिथे दाखल झाली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. अवघ्या काही महिन्यांनी दोघींची चुकामूक झाली. फेब्रुवारी १८८७ मध्ये आनंदीबाई पुण्यात गेल्या, तेव्हा सुझन पहिल्या वर्षात शिकत होती. आनंदीबाईंचं नाव महाराष्ट्रात शाळकरी मुलंही सांगतील. त्याच वर्गांत बसून शिकलेल्या या आदिवासी मुलीचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, याची मला फार चुटपुट आहे.

१८८९ मध्ये ३६ जणींच्या वर्गात ती पहिली आली. अमेरिकेच्या आदिवासींमधली ती पहिली महिला डॉक्टर. तिच्या शिक्षणाला ज्या संस्थेने मदत केली, त्या संस्थेची अपेक्षा होती की तिने काही वर्षं लग्न न करता फक्त काम करावं. तुझ्या बॉण्डच्या कागदात निदान असलं काही नसतं.

फिलाडेल्फियात चांगलं काम मिळालं असतं, पण ती परत गेली. आधी नेमणूक सरकारी निवासी शाळेपुरती होती, थोड्याच काळात सगळी जमात तिच्याकडे आली. १२४४ माणसं, सुमारे १३५० चौरस मैलांचा पसारा, डॉक्टर एक. रस्ते नावालाच. ती घोड्यावरून, पुढे घोडागाडीतून बर्फात फिरायची. क्षय, इन्फ्लुएंझा, हगवण, डोळ्यांचे आजार. सरकारी पगार वर्षाला ५०० डॉलर. आणि पेशंट फक्त आजार घेऊन येत नसत. इंग्रजी पत्र वाचून दाखव, सावकाराचा हिशेब बघ, जमिनीचा करार खरा की खोटा सांग, नवराबायकोचं भांडण मिटव. शिकलेली आपली मुलगी म्हणजे सगळ्याच कामांची मुलगी. हे तुला वेगळं समजावून सांगायला नको. तुझ्या घरीही आत्तापासून आधार कार्डाची आणि वनहक्काच्या दाव्यांची कागदं येत असतील.

१८९३ मध्ये, विशी सरायच्या आत, तिने राजीनामा दिला. कान, डोकं आणि मानेच्या दुखण्याने ती अंथरुणाला खिळली होती, आई आजारी होती. ते दुखणं पुढे आयुष्यभर तिच्या मागे राहिलं. तरी ती थांबली नाही, हेही खरं. लग्न केलं, दोन मुलगे झाले, प्रॅक्टिस चालू राहिली, आदिवासी आणि गोरे दोघेही पेशंट. सगळ्यांनी एकाच पेल्यातून पाणी पिण्याविरुद्ध, घरातल्या माश्यांविरुद्ध, जमातीला पोखरणाऱ्या दारूविरुद्ध ती बोलत राहिली. १९१० मध्ये ओमाहांच्या जमिनीच्या हक्कांसाठी वॉशिंग्टनला गेली. १९१३ मध्ये वॉल्टहिल गावात तिच्या प्रयत्नांनी हॉस्पिटल उघडलं. १९१५ मध्ये ती गेली, वय ५०.

मला सुझनबद्दल अपार आदर आहे. तरी तिची गोष्ट ज्या तऱ्हेने सांगतात, ती मला पटत नाही. एकटी बाई, बर्फ, खिडकीत जळणारा दिवा, त्याग. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि सरकारने १२४४ माणसांमागे एकच डॉक्टर का ठेवला, तोही इतक्या कमी पगारावर, हा प्रश्न मागे पडतो. तिच्या हाताखाली दुसरा डॉक्टर नव्हता. तिच्याकडे शिकायला विद्यार्थी पाठवणारं कॉलेज नव्हतं. ती आजारी पडली की काम आजारी पडायचं. तुझ्या गावचे लोक तुझ्याकडून जे मागताहेत ते प्रेमापोटी, पण ते हेच मागताहेत. आणि शासनाला तर हे फारच सोयीचं आहे. दुर्गम भागातल्या रिकाम्या जागा भरण्याची जबाबदारी तिथल्या लेकरांच्या भावनेवर टाकली की काम भागतं.

आता दुसरं नाव. मेसन ड्युरी, न्यूझीलंडच्या माओरी या आदिवासी समाजातले मानसोपचारतज्ज्ञ. १९३८ चा जन्म, १९६३ मध्ये ओटागो विद्यापीठातून डॉक्टर, कॅनडातल्या मॅकगिलमध्ये मानसोपचाराचं शिक्षण. मग ते आपल्या भागात, पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात कामाला लागले. तिथे त्यांना दिसलं की माओरी पेशंटला डॉक्टर विचारतात शरीराबद्दल, फार तर मनाबद्दल, आणि त्याचं घर-गणगोत नि त्याची श्रद्धा दाराबाहेर ठेवतात. माओरी बायकांच्या संघटनेच्या सभांमध्ये, मानलेल्या बुजुर्गांच्या तोंडून ते जे ऐकत होते, त्यावरून १९८२ मध्ये त्यांनी आरोग्याची एक मांडणी केली. शरीर, मन, कुटुंब आणि आत्मिक बाजू या सभागृहाच्या चार भिंती. एक खचली तर इमारत टिकत नाही. आज ती मांडणी न्यूझीलंडच्या शाळांत शिकवतात, नर्सिंगला शिकवतात, डॉक्टरांना शिकवतात. तुझ्या वर्गात सर जे बोलले, त्याला देशपातळीवर दिलेलं हे उत्तर आहे, आणि ते देणारा डॉक्टर आपल्या माणसांत वावरून मग वर्गाकडे वळला होता.

१९८८ मध्ये ड्युरी मॅसी विद्यापीठात माओरी अभ्यासाचे प्राध्यापक झाले. पेशंट सोडून खुर्चीत जाऊन बसले, असं तेव्हा कुणी म्हणालंही असेल. पण त्याच विद्यापीठात १९९९ मध्ये माओरी विद्यार्थ्यांसाठी एक शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. पाच वर्षांत मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात १०० माओरी पदवीधर तयार करायचे, हे तिचं लक्ष्य. फी तर भरलीच, शिवाय अभ्यासाला सोबत दिली, फोन करून चौकशी केली, कुणी मागे पडलं तर त्याला धरून आणलं. एका डॉक्टरने आयुष्यभर ओपीडी केली असती तर किती पेशंट झाले असते आणि या शंभरांनी किती पाहिले, हा हिशेब तूच कर.

गावही हवं आणि वर्गही हवा, पण दोन्ही जमत नाही, असं तुला वाटत असेल. काही जणांनी जमवलं आहे. कॅनडाच्या नेडिन कॅरन बघ. त्या अनिशिनाबे या आदिवासी समाजाच्या; तिथल्या अशा बऱ्याच समाजांना फर्स्ट नेशन्स म्हणतात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून १९९७ मध्ये डॉक्टर झालेल्या पहिल्या फर्स्ट नेशन्स महिला, वर्गात पहिल्या, पुढे कॅनडातल्या पहिल्या फर्स्ट नेशन्स महिला जनरल सर्जन. मोठ्या शहरात राहता आलं असतं. त्यांनी उत्तरेतलं प्रिन्स जॉर्ज निवडलं. या गावाची गंमत अशी की डॉक्टर मिळत नाहीत म्हणून २००० साली तिथे हजारो लोक एकत्र जमले आणि त्यातून मेडिकल शिक्षणाची शाखाच उत्तरेत आणायची मागणी पुढे गेली. २००४ पासून तिथे डॉक्टर घडू लागले. कॅरन तिथेच ऑपरेशन करतात आणि तिथेच शिकवतात. विद्यार्थी पेशंटजवळ येतो, त्यामुळे त्यांना दोहोंतलं एक सोडावं लागलं नाही.

आपल्याकडेही याची सोय कागदावर तरी आहे, आणि ती नेमकी तुझ्या विषयात आहे. कम्युनिटी मेडिसिन विभागाकडे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र असतं. एमबीबीएसच्या मुलांनी गावातली कुटुंबं दत्तक घ्यायचा कार्यक्रम आता अभ्यासक्रमात आहे. पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या मुलांना तीन महिने जिल्ह्याच्या रुग्णालयात काढावे लागतात. बहुतेक ठिकाणी हे सगळं सह्या आणि फोटोंपुरतं उरलं आहे, हे तू इंटर्नशिपमध्ये पाहिलंच असशील. पण ज्या विभागात एखादा जिद्दीचा शिक्षक असतो, तिथे हेच कार्यक्रम खरे होतात. तो शिक्षक तू हो.

एक धोका मात्र सांगून ठेवते. या विषयाचे शिक्षक हळूहळू फायलींत बुडतात. रजिस्टरं, तपासणीची तयारी, अहवाल. पाच वर्षांनी बीपीचा पट्टा हातात घेतलेला नसतो. म्हणून आठवड्यातून ठरलेल्या दिवशी ग्रामीण केंद्राची ओपीडी स्वतः बघायची, हे पहिल्या दिवसापासून पाळ. पेशंटशिवाय करमणारच नाही असं आतून वाटत असेल तर फॅमिली मेडिसिनचाही विचार कर, जागा कमी आहेत पण आहेत. गायनॅक मैत्रिणी म्हणतात म्हणून घेऊ नकोस.

आता त्या सरांच्या वाक्याकडे येते. त्यांच्याशी भांडून काही होणार नाही, आणि नुसतं 'आम्ही अंधश्रद्धाळू नाही' म्हणूनही भागणार नाही, कारण भगताकडे लोक जातात हे खरंच आहे. तू वर्गात उभी राहशील तेव्हा मुलांसमोर एक केस ठेव. नर्मदाकाठच्या पाड्यावरची बाळंतीण, जिथे दवाखाना बोटीतून येतो. डोंगरावरून खाली येईपर्यंत बांबूला बांधलेली झोळी, मग रस्ता, मग रुग्णवाहिका. 'उशिरा आली' असं केसपेपरवर लिहिण्याआधी ती घरातून कधी निघाली हे विचारा, असं त्यांना शिकव. दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जातो, त्यात गरोदर बाया असतात, लसीचा एखादा डोस राहिलेली पोरं असतात. होळीला सगळे परततात, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात गर्दी लोटते. मग शिबिराची तारीख कोणी ठरवायची, कार्यालयाच्या कॅलेंडरने की होळीने? वर्गातल्या हुशार मुलाला हा प्रश्न पडला पाहिजे.

सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंच घे. जीवशास्त्र सगळ्यांना पाठ असतं: एका अमिनो आम्लाचा बदल, विळ्यासारखी पेशी. पण असह्य दुखणं घेऊन आलेला आदिवासी पोरगा इंजेक्शन मागतो तेव्हा 'नाटक करतोय' म्हणणारे डॉक्टर आजही भेटतात. २०२३ मध्ये देशपातळीवर सिकल सेल निर्मूलनाचं अभियान सुरू झालं, २०४७ पर्यंतचं लक्ष्य ठेवलं. तपासणी झाली, कार्डं वाटली. ज्या मुलीच्या हातात ते कार्ड आलं तिच्या लग्नाचं काय होतं, वाहक म्हणजे रोगी असा गैरसमज सोयरिकीत कसा शिरतो, हे कोणत्या पुस्तकात आहे? तुला ते घरातून माहीत आहे. ते तू शिकवलंस तर एका बॅचचे शंभर-दीडशे डॉक्टर तरी वेगळे वागतील, आणि त्यातले बरेच आदिवासी नसतील. यातच मला खरी मोठी गोष्ट दिसते. आदिवासींना फक्त आदिवासी डॉक्टरांनीच तपासायचं असं थोडंच आहे? सगळ्याच डॉक्टरांना ते नीट तपासता आलं पाहिजे. कॅनडात २०१५ मध्ये सत्य आणि सलोखा आयोगाने आपल्या शिफारशींत हेच दोन्ही बाजूंनी मागितलं: आदिवासी आरोग्य व्यावसायिकांची संख्या वाढवा, आणि प्रत्येक मेडिकल व नर्सिंग कॉलेजात आदिवासी आरोग्याचा विषय सक्तीचा करा.

भगताबद्दल माझं मत रोखठोक आहे. जिथे जिवाला धोका आहे तिथे तडजोड नाही: चटके नाहीत, झटके आलेल्या बाळाला थांबवून ठेवणं नाही. पण त्या माणसाला शत्रू करू नकोस. रात्री दोनला लोक त्याच्या दारात जातात कारण तो दोनला दार उघडतो. त्याने तुझ्याकडे एक चिठ्ठी पाठवायला सुरुवात केली तर कित्येक तास वाचतात.

'कोट्यातली'बद्दल. प्रवेशाच्या दाराशी आरक्षण असतं, विद्यापीठाच्या परीक्षेत पास व्हायला लागणारे गुण सगळ्यांना सारखे असतात. ॲनॅटॉमीची तोंडी परीक्षा तुझी कुणी सोपी घेतली नव्हती. ऑकलंड विद्यापीठाने १९७२ पासून माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी प्रवेश योजना ठेवली, ती दया म्हणून नव्हे. ज्या समाजाला डॉक्टर हवेत त्या समाजातून डॉक्टर यावेत म्हणून. तुला हे माहीतच आहे, आणि तरी टोमणा लागतो. लागणारच. त्याला रोज उत्तर द्यायची सक्ती स्वतःवर करू नकोस.

पण टोमणा आणि छळ यांतली रेषा ओळख. तडवी भिल्ल समाजाच्या डॉ. पायल तडवी मे २०१९ मध्ये गेल्या, पीजी करताना. जातीवरून छळ झाल्याचा कुटुंबाचा आरोप आहे, प्रकरण न्यायालयात आहे. मी त्यांची आठवण तुला घाबरवायला काढत नाही. पीजीची तीन वर्षं एमबीबीएसपेक्षा कठीण असतात, सीनियरच्या हातात फार काही असतं, म्हणून सांगते. काही घडलं तर तारीख-वेळेसह लिहून ठेव, तोंडी न सांगता लेखी तक्रार दे, त्याची पोचपावती घे, आणि कॉलेजबाहेरच्या एका तरी माणसाला पहिल्याच आठवड्यात कळव. झोप उडाली, रडू थांबेना, जगावंसं वाटेना, तर १४४१६ ही टेलिमानसची हेल्पलाइन आहे, फोन कर. आपण डॉक्टर असून कसा फोन करायचा, हा विचार मध्ये येऊ देऊ नकोस.

आता बॉण्डचं वर्ष. हे वर्ष ओझं म्हणून काढू नकोस, शक्य असेल तर आपल्या भाषेचा भाग निवड, पण अगदी स्वतःचं गाव नको. स्वतःच्या गावात तू डॉक्टर कमी आणि अमक्याची पोर जास्त असशील, आणि सुझनसारखी सगळ्यांची सगळी कामं अंगावर येतील. शेजारचा तालुका बरा. तिथे आशाताई आणि नर्सताईंकडून शीक, त्यांना गावाची खडान्‌खडा माहिती असते. सेवेत असलेल्या डॉक्टरांसाठी पीजीचा इन-सर्व्हिस कोटा असतो, दुर्गम भागातल्या सेवेला त्यात महत्त्व आहे. नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाच, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. बॉण्डच्या वर्षात संध्याकाळी अभ्यास होत नाही असं सगळे सांगतील. पहाटे होतो.

आणि गावात काय सांगायचं? 'मी परत येईन' असं मोघम वचन देऊ नकोस, ते दर दिवाळीला तुझ्या गळ्याशी येईल. पाळता येईल तेवढंच बोल: होळीच्या आठवड्यात मी दरवर्षी इथे असेन, पुढे शिकवायला लागले की विद्यार्थी घेऊन येईन. बाबा गप्प आहेत याचा अर्थ ते नाराज आहेत असा तू लावला आहेस. पत्रात तसं कुठे दिसत नाही. विचारून बघ. कदाचित एमडी म्हणजे आणखी किती वर्षं आणि किती पैसे, एवढंच त्यांना कळत नसेल. पीजीला दरमहा विद्यावेतन मिळतं, हे त्यांना कुणी सांगितलं आहे का?

शेवटचं एक काम देते. बॉण्डच्या वर्षात प्राथमिक आरोग्य केंद्राकडून आश्रमशाळांची तपासणी तुझ्याकडे येऊ शकते. वजन, उंची, हिमोग्लोबिन झालं की अकरावी-बारावी सायन्सच्या मुलींची यादी मागून घे. नीटचा फॉर्म कधी निघतो, जातवैधता प्रमाणपत्राला किती महिने लागतात आणि अर्ज कधी करायचा, फी कुठून मिळते, हे त्यांना सांग. जातवैधतेपायी किती मुलींचं वर्ष वाया जातं, तुला माहीत आहे. त्यातल्या दोघींना तुझा नंबर दे आणि त्यांचे फोन उचल.